टोरंटो किती लांब

आपण तो प्रश्न मुद्दाम विचारला नव्हता, असं गजेंद्र पुढे कितीतरी वर्षं सांगत राहिला. वहिनी कौशल्याबाईंचा त्यावर कधीच विश्वास बसला नाही.

जानेवारीतला रविवार होता, दोन हजार चार साल. भैय्याजींच्या मुलीच्या, आचलच्या साक्षगंधासाठी पुलगावहून पाहुणे आले होते आणि सिंदीच्या बाजारओळीत त्यांच्या घरापुढे रस्त्याच्या निम्म्यापर्यंत मांडव घातला होता. आत, दुकानामागच्या मोठ्या खोलीत, गाद्यांवर मोजकी माणसं बसली होती. तक्क्याला टेकून नवरदेव नीलेश, त्याच्या शेजारी त्याचे वडील प्रभाकरराव, समोर भैय्याजी आणि समाजाचे अध्यक्ष बापूराव. गजेंद्र दाराशी उभा राहून पोह्यांच्या बशा आत देत होता. भैय्याजींचा तो धाकटा भाऊ. सरकी-ढेपेचं, म्हणजे गुरांच्या पेंडीचं दुकान दोघांचं, पण बोलणं थोरल्याचं.

आणि थोरला बोलत होता. "साडेबारा हजार किलोमीटर हाय, बापूरावजी. टोरंटोहून विमानात बसलं का मधात लंडनले बदलाचं. एक दिवस अन् एक रात्र जाते पुरी. अन् मंग मुंबई."

"अबब," बापूराव म्हणाले.

गेल्या आठ महिन्यांत हे वाक्य गजेंद्रने सरकीच्या पोत्यांवर बसून ऐकलं होतं, मोंढ्यात ऐकलं होतं, रेल्वे फाटकापाशी ऐकलं होतं. ढेपीच्या दहा पोत्यांसाठी आलेला शेतकरीसुद्धा टोरंटो किती लांब आहे हे ऐकून घरी जायचा. आचलची हिंगणघाटची सोयरीक ठरून मोडल्यापासून जो माणूस वर्षभर खाली मान घालून बाजारात फिरला, त्याला वर बघायला हे साडेबारा हजार किलोमीटर मिळाले होते. गजेंद्रला ते कळत होतं. पण ऐकून ऐकून त्याचे कान किटले होते, हेही खरं.

त्याने नीलेशपुढे बशी धरली. "लय थकले असान ना तुमी? एवढा प्रवास."

"नाई काका," नीलेश सहज म्हणाला. "तीन तासाचं तं विमान. जेवन देतात तोपर्यंत मुंबई येते."

बापूरावांचा चमचा बशीत थांबला. प्रभाकरराव खोकले.

"तो शेवटचं विमान सांगून राह्यला," ते म्हणाले. "मुंबई-नागपूर. हाय ना रे?"

नीलेशने वडिलांकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. "हाव," तो म्हणाला आणि पोह्यांकडे वळला.

मुंबई-नागपूर विमानाला तीन तास लागत नाहीत, हे गजेंद्रला ठाऊक होतं. आणि नागपूरला उतरणारा माणूस जेवण होईपर्यंत मुंबई येते असं कशाला म्हणेल? त्याने भावाकडे पाहिलं. दिवाणजीने एक पोतं इकडचं तिकडे लिहिलं तरी पकडणारे भैय्याजी चहा का आला नाही म्हणून आत हाक मारत होते.

*

गजेंद्रची बायको रक्षा हिने थोरल्या जावेला हे दोन वाक्यांत सांगितलं. कौशल्याबाई ओटीचं ताट लावत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

"तुले कोनं सांगतलं?"

"ह्यांनी. सोताच्या कानानं ऐकलं म्हनते."

"गजेंद्रभाऊच्या कानाले ह्या सोयरिकीतलं चांगलं काई ऐकूच येत नाई."

रक्षाला रोख कळला. मोठी आंजी या गावचा तिचा मावसभाऊ, बी-बियाण्याचं दुकान असलेला, आचलसाठी गजेंद्रनेच सुचवला होता. भैय्याजींनी त्यावर विचारही केला नव्हता. गेल्या पावसाळ्यात त्यावरून दोन्ही जावांच्या चुली वेगळ्या व्हायची वेळ आली होती.

"बाई, मी माह्या भावासाठी नाई सांगून राह्यली," रक्षा अखेर म्हणाली. "त्याचं तं लगन जुळलं मागच्या महिन्यात. पोरीचं पाहा म्हनून सांगतलं."

 कौशल्याबाईंची नजर पाहुण्यांच्या टोपलीकडे गेली. नीलेशची आई सुलोचनाबाई सकाळी आल्या तेव्हा त्यांनी साड्या, बांगड्या, मिठाई असं एकेक करून काढून दाखवलं होतं. मात्र खजुराचे दोन डबे त्यांनी टोपलीतच राहू दिले होते आणि वर रुमाल टाकला होता. रुमाल आता सरकला होता. डब्यावरची अक्षरं उर्दूसारखी होती. टोरंटोला खजूर होत असेल का, असा विचार कौशल्याबाईंच्या मनात तेव्हाच आला होता. पण व्याह्यांच्या आहेराची चौकशी करू नये म्हणून त्यांनी तो बाजूला सारला होता.

त्यांनी पदर सावरला आणि एका पोराकरवी नवऱ्याला मागच्या कोठीत बोलावलं.

"तो मुलगा कोठून आला?" त्यांनी विचारलं.

"कोठून म्हंजे? हा काई विचाराचा टाइम हाय? भटजी येऊन बसला बाहेर."

"तीन तासात येते म्हनला."

"गजेंद्रनं कान भरले ना तुहे?" भैय्याजींचा आवाज चढला. "त्याले ही सोयरीक मोडाची हाय. पह्यलेपासून. अन् तू घरची मालकीन होऊन त्याच्या नादी लागून राह्यली."

कौशल्याबाई बघत राहिल्या. नवऱ्याला कोणी फसवलं की तो कसा होतो, हे त्यांनी अनेकदा पाहिलं होतं. ओल्या कापसाच्या गाड्या त्याच्या गळ्यात मारल्या गेल्या, तेव्हा तो दोन दिवस कोणाशी बोलला नव्हता. पुलगावच्या माणसांनी आपल्याला फसवलं असेल अशी नुसती शंका जरी त्याला आली असती, तरी तो आत्ता असाच मुका झाला असता. हा तर त्यांच्यावर ओरडत होता.

"तुमी प्रभाकररावाले काई विचारलं नाई," त्या हळू म्हणाल्या.

"काय विचारू? पाहुन्याले?"

"हाव. पाहुन्याले."

भैय्याजी बाहेर निघून गेले. कौशल्याबाई कोठीत उभ्या राहिल्या. पुलगावच्या लोकांबद्दलचा त्यांचा संशय आता जागचा हलला होता आणि जिथे जाऊन बसला, तिथे तो त्यांना नको होता.

*

आचल वरच्या खोलीत नटून बसली होती. घरात काही बिनसलं की आवाज कमी होतात, हे तिला हिंगणघाटच्या वेळी कळलं होतं. त्या सकाळीही असंच झालं होतं. आधी भांड्यांचा आवाज थांबला, मग कोणी तिच्या नजरेला नजर देईना.

रक्षाकाकू वर आली तेव्हा तिने एवढंच म्हटलं, "काकू, मले सांग. बाहेरून कळन्यापेक्षा तू सांग."

रक्षाने सांगितलं.

"मले त्याच्याशी बोलाचं हाय."

"आता? लोक काय म्हनतीन?"

"मागच्या खेपेले मी लोकाइचं ऐकून खाली बसून राह्यली होती," आचल म्हणाली. "काय झालं मंग?"

रक्षाने नवरदेवाला हात धुवायच्या निमित्ताने मागच्या जिन्याने गच्चीवर नेलं आणि स्वतः पायऱ्यांवर बसली. गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या. पलीकडे रेल्वेचे रूळ दिसत होते आणि जिनिंगबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. दोघं यापूर्वी एकदाच भेटले होते, जूनमध्ये, वीस माणसांच्या देखत. तो परत गेल्यावर दर रविवारी फोन यायचा. फोन दुकानात होता.

"तुमी कोठं राह्यता?" आचलने विचारलं.

नीलेश गोंधळला. "म्हंजे?"

"सोपं विचारून राह्यली मी. कोठं राह्यता?"

"मस्कतले." तो तिच्याकडे पाहत राहिला. "तुमाले... कोनी सांगतलं नाई?"

आचलने मान हलवली. ती कठड्याला टेकली.

"मी दीड वर्षापासून मस्कतले हावो," नीलेश म्हणाला. "टोरंटोले गेलतो हे खरं हाय. दोन वर्षं होतो. पन माही डिग्री तिथं चालत नोती. गोदामात खोके उचलत होतो मी. रात्रपाळीत. सिव्हिल इंजिनिअर होऊन. मस्कतले रस्त्याचं काम भेटलं, मी लगेच गेलो. आता बत्तीस किलोमीटरचा रस्ता हाय माह्याकडं, डोंगरातून. मले त्याची लाज काऊन वाटीन?"

"मंग खाली खोटं काऊन बोलले?"

"बाबानं पाह्यलं माह्याकडं."

"अन् सहा महिने फोनवर? मी बर्फाचं विचारलं, तं तुमी बर्फाचं सांगतलं."

"तुमी विचारलं म्हनून. पाह्यलेला होता मी बर्फ." तो थांबला. "मले वाटलं, दुकानात गिऱ्हाइकं असतीन, म्हनून तुमी तसं बोलता. बाबा म्हनले होते, पोरीले सगळं सांगतलं हाय, पन फोनवर मस्कतचं काढू नको, आजूबाजूले लोक असते."

"तुमच्या बाबानं कोनाले सांगतलं?"

नीलेशने नजर रुळांकडे वळवली. खाली सनईची टेप लागली होती आणि कोणीतरी ती मोठी करत होतं.

"कोनाले?" आचलने पुन्हा विचारलं.

"तुमच्या बाबाले. आधी माह्या बाबानं टोरंटोच सांगतलं होतं, मंग जूनमंधीच, मी परत गेलो त्याच्या दुसऱ्या हप्त्यात, खरं सांगतलं. बाबा मुद्दाम इथं आलते. तवा भैय्याजीच म्हनले म्हनते का मी बजारात सगळ्याइले टोरंटो सांगून बसलो. लगन होईपर्यंत राहू द्या."

 पायऱ्यांवर रक्षाने तोंडाला पदर लावला.

"तुमाले नाई म्हनाचं असन तं म्हना," नीलेश म्हणाला. "मी सांगन खाली का माह्याकडून मोडलं. तुमचं नाव येनार नाई."

आचलने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. उन्हाने रापलेला चेहरा, कपाळावर हेल्मेटची फिकट रेघ. हा चेहरा बर्फाच्या देशातला नव्हताच. जूनमध्येही नव्हता. आपण पाहिलं कसं नाही, असं तिला वाटलं.

"आनखी कोनासाठी खोटं बोलू नका," ती म्हणाली. "माह्यासाठी तं नोकोच."

*

गजेंद्रला बायकोकडून कळलं तेव्हा आधी त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. आठ महिने. आठ महिने सगळ्या बाजाराला टोरंटो सांगितलं, आणि हे सगळं माहीत असून.

"मी बापूरावले सांगतो," तो म्हणाला. "आत्ता. मांडवात. मले येडा समजत होता हा मानूस."

"सांगा," रक्षा म्हणाली. "अन् उद्या पोरगी पुन्हा खोलीत कडी लावून बसली का तुमीच कडी तोडजा. मागच्या वक्ती मीच तोडली होती."

गजेंद्र तिच्याकडे बघत राहिला.

"तू कोनाच्या बाजूनं हायस?"

"मले नाई मालूम," रक्षा म्हणाली. "पन तुमच्या बाजूनं नाई आज."

त्यामुळे गजेंद्र मांडवात न जाता कोठीत आला तेव्हा तिथे आधीच तिघं होते. आचल दाराला पाठ लावून उभी होती, कौशल्याबाई पोत्यावर बसल्या होत्या आणि भैय्याजी मधोमध, टोपी हातात घेऊन.

"तुमाले कळलं तवा तुमी मले काऊन नाई सांगतलं, बाबा?" आचल विचारत होती.

"सांगनार होतो."

"कधी? मस्कतच्या विमानात बसल्यावर?"

"अव, मुलगा चांगला हाय. इंजिनिअर हाय. गाव कोनतं का असेना, काय फरक पडते?"

"फरक पडत नोता तं लपवलं कायले?"

भैय्याजींनी टोपी फिरवली. "हिंगणघाटवाल्याइनं नाई म्हनलं तवा लोक दुकानात येऊन बसत होते. घ्याले काई नाई. नुसते बसत. काय झालं, काय झालं. माह्या पोरीत खोट हाय का म्हनून तोंड पाहात. टोरंटो सांगतलं अन् त्याइचे तोंडं बंद झाले. मंग हे मस्कत निघालं. मी पुन्हा सांगाले जाऊ का गावाले, का नाई बा, तेवढं लांब नाई, जरा जवळच हाय?"

"गावाले नाई," कौशल्याबाई पहिल्यांदाच बोलल्या. "मले."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलंही नाही.  गजेंद्र भावाला पकडायला आला होता, पण वहिनींच्या त्या एका शब्दापुढे त्याला आपलं बोलणं पोरकट वाटलं.

"मी बसते पाटावर," आचल म्हणाली. "मुलगा मले पसंत हाय. त्यानं विचारल्याबरोबर खरं सांगतलं. पन आधी मांडवात सांगा, बाबा. सगळ्याइच्या समोर. तुमी."

"अन् नाई सांगतलं तं?"

"तं पाहुन्याइले जेवू घालून पाठवा."

*

मांडवात दीडशे माणसं होती. पाट मांडले होते, भटजी घड्याळ बघत होते. सुलोचनाबाई बायकांत ताठ बसल्या होत्या. काहीतरी फुटलं आहे हे त्यांना कळलं होतं आणि मुलाकडे बघायचं त्या टाळत होत्या. प्रभाकरराव रुमालाने चष्मा पुसत होते.

भैय्याजी उभे राहिले. त्यांनी आलेल्या मंडळींचं स्वागत केलं. बापूरावांचं नाव घेतलं. समाजाच्या एकीबद्दल दोन शब्द बोलले. मग म्हणाले, "आमचे जावई..." आणि थांबले. पहिल्या रांगेत मोंढ्यातले सगळे व्यापारी होते. "आमचे जावई म्हंजे..." त्यांनी पुन्हा सुरुवात केली. ओठ हलले, पण आवाज आला नाही. गजेंद्र मागे खांबापाशी उभा होता. हा क्षण बघायला मिळावा असं अर्ध्या तासापूर्वी त्याला वाटत होतं, आणि आता तो जमिनीकडे बघत होता.

बायकांतून कौशल्याबाई उठल्या.

त्या घरातली बाई समाजाच्या बैठकीत कधी बोलली नव्हती. टेप कोणीतरी बंद केली.

"जावई टोरंटोले नाई राह्यत," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण शेवटपर्यंत गेला. "मस्कतले राह्यते. रस्ते बांधते. आमाले ठाऊक होतं. तुमाले सांगाचं राह्यलं होतं, ते सांगून राह्यलो."

आणि त्या खाली बसल्या.

मांडवात कुजबुज झाली. मागे कोणीतरी हसलं, तिकडे दोघं उठून गेले. बापूरावांनी घसा साफ केला. ते नीलेशकडे वळले. "हे मस्कत कोठं येते, बापा?"

"सिंदीहून मुंबई जेवढी हाय ना," नीलेश म्हणाला, "तिच्या दुप्पट. मुंबईच्या पुढं, समुद्रापलीकडं."

बापूरावांनी मनात हिशेब केला. "मंग तं पोरगी सनावाराले येऊ शकन," ते म्हणाले. "चला भटजी, लावा." त्यांचं हे बोलणं बाजाराला पुरेसं होतं की नव्हतं, ते पुढे कळणार होतं. आचल पाटावर येऊन बसली. सुलोचनाबाईंनी तिला कुंकू लावलं. आचलने त्यांच्याकडे पाहिलं, पण ती हसली नाही. यांनाही माहीत होतं. जूनपासून.

प्रभाकरराव जेवताना भैय्याजींशी एक शब्द बोलले नाहीत. निघताना मात्र ते गजेंद्रपाशी थांबले.

"तुमी मुद्दाम विचारलं का ते?"

"नाई," गजेंद्र म्हणाला.

प्रभाकररावांनी मान डोलावली. त्यांनाही ते पटलं नव्हतं.

*

संध्याकाळी मांडव सोडायला माणसं आली. भैय्याजी मागच्या अंगणात खाटेवर बसले होते. दुकान उघडायला ते गेले नव्हते. कौशल्याबाई उरलेली बुंदी डब्यांत भरत होत्या.

"तुले तं ठाऊक नोतं," ते म्हणाले.

"नाई."

"मंग आमाले ठाऊक होतं असं काऊन म्हनली?"

"तुमाले एकट्याले ठाऊक होतं असं म्हनली असती, तं लोकाइनं मुलाचं गाव सोडून आपलंच घर धरलं असतं. नवरा बायकोले सांगत नाई त्या घरची पोरगी, असं म्हनले असते." त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. "एकाचं खोटं झाकाले मले आज दुसरं बोला लागलं. एवढ्या मानसाइत."

"उपकार झाले तुहे," भैय्याजी म्हणाले. ते मनापासून म्हणाले होते. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

कौशल्याबाई त्यांच्याजवळ आल्या, पण खाटेवर बसल्या नाहीत.

"आनखी काय हाय?"

"म्हंजे?"

"मले न सांगतलेलं. आनखी काय हाय?"

"काई नाई. देवाशपथ, काई नाई."

कौशल्याबाईंनी नवऱ्याचा चेहरा बराच वेळ पाहिला. एकतीस वर्षं त्या या माणसाच्या ताटात वाढत आल्या होत्या. तो 'काई नाई' म्हणाला की विषय संपायचा. तो खरं सांगतो आहे, असं आत्ताही त्यांना वाटत होतं. नुसतं वाटत होतं.

त्यांनी डबे उचलले.

"बरं," त्या म्हणाल्या. "उद्या पुन्हा विचारीन."